मेणबत्ती आधी विझते, पाणी नंतर चढतं: मुलांकडून विज्ञानाचे व्हिडिओ करून घेताना

प्रश्न: मी तालुक्याच्या गावातल्या अनुदानित शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवते. गेल्या वर्षी मुलांकडून धड्यांवर व्हिडिओ करून घेतले. मुलांना मजा आली, पालकांनी कौतुक केलं, पण वर्गातल्या बोलण्यात किंवा परीक्षेत काहीच फरक दिसला नाही. बहुतेक व्हिडिओंत मुलं पुस्तकातला मजकूर पाठ म्हणून दाखवतात. अशा व्हिडिओंनी विज्ञानाची समज खरंच वाढते का? वाढत असेल तर काम कसं द्यावं?

उत्तर: वाढते, पण तुम्ही दिलं तसं काम देऊन नाही. दोष मुलांचा नाही. ‘प्रकाशाचे अपवर्तन या घटकावर तीन मिनिटांचा व्हिडिओ करा’ असं सांगितलं की मूल पुस्तक उघडतं, व्याख्या घोकतं, मागे थर्माकोलची प्रतिकृती मांडतं आणि ‘नमस्कार मित्रांनो, आज आपण पाहणार आहोत...’ अशी सुरुवात करतं. हे झालं वक्तृत्व स्पर्धेतलं भाषण, फक्त समोर परीक्षकांऐवजी फोन. यात मुलाला एकाही ठिकाणी ‘हे असं का?’ म्हणून थांबावं लागत नाही. मग समज वाढणार कुठून?

शिक्षक-प्रशिक्षणाच्या निमित्ताने मी हे काम बऱ्याच वर्षांपासून करून घेतो आहे. माझा एकच आग्रह असतो: मुलांना घटक देऊ नका, दावा द्या. ‘थंड पाण्याच्या पेल्यातून पाणी झिरपतं म्हणून तो बाहेरून ओला होतो.’ ‘जड वस्तू आधी खाली पडते.’ ‘उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते.’ आणि सांगायचं, हे खरं की खोटं ते कॅमेऱ्यासमोर दाखवा. आणि असं दाखवा की पलीकडच्या गटातल्या खवचट पोराचीही खात्री पटली पाहिजे. घटकावर बोलायला पाठांतर पुरतं. दावा तपासायला मात्र काहीतरी करून बघावं लागतं, आणि करून बघताना आपल्याला वाटलं होतं तसं होत नाही हे दिसतं. शिकणं तिथे सुरू होतं.

एक उदाहरण सविस्तर सांगतो, कारण त्यात सगळी पद्धत येते. ताटलीत थोडं पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वरून काचेचा ग्लास पालथा. ज्योत विझते आणि पाणी ग्लासात चढतं. आपल्यापैकी अनेकांना याचं स्पष्टीकरण असं शिकवलं गेलं आहे: हवेत साधारण एक पंचमांश ऑक्सिजन असतो, तो जळून संपला, त्याची जागा पाण्याने घेतली. पाणीही पुष्कळदा साधारण तेवढंच चढलेलं दिसतं, म्हणून कुणी शंका घेत नाही. मुलांना हाच दावा द्या आणि प्रयोग फोनच्या स्लो मोशनमध्ये घ्यायला सांगा. साध्या फोनमध्येही हल्ली ती सोय असते. नसली तरी बिघडत नाही. नेहमीसारखा व्हिडिओ घेऊन बोटाने पुढे-मागे सरकवत पाहिला तरी चालतं.

नुसत्या डोळ्यांना जे सगळं एकदम घडल्यासारखं वाटतं, ते आता क्रमाने दिसतं. ग्लास खाली टेकताना आणि त्यानंतर क्षणभर काठाखालून बुडबुडे बाहेर येतात. हे बुडबुडे फार महत्त्वाचे. आतली तापलेली हवा फुगून बाहेर पडते आहे. ज्योत जळत असते तोवर पाणी फारसं चढत नाही. ज्योत मंदावते, विझते, आणि मग पाणी सरसर वर जातं. ऑक्सिजन वापरला जाण्यामुळे पाणी चढत असतं, तर ज्योत जळत असतानाच ते हळूहळू चढायला हवं होतं; विझल्यावर ऑक्सिजन कोण वापरणार? हा प्रश्न तुम्ही विचारायचा नाही. व्हिडिओ चार वेळा मागे-पुढे केला की गटातलं कुणीतरी विचारतंच. तेव्हा गप्प बसणं हे शिक्षकाचं सगळ्यात अवघड काम.

मग दुसरी चाचणी त्यांनाच सुचू द्या: त्याच ग्लासाखाली एकाऐवजी तीन मेणबत्त्या. ग्लासातला ऑक्सिजन तेवढाच आहे, पण पाणी आधीपेक्षा वर चढतं. आता जुन्या स्पष्टीकरणाला टेकायला जागा उरत नाही. हवा तापून फुगली, काही बाहेर गेली, काठ पाण्यात बुडाल्याने उरलेली आत अडकली, ज्योत विझल्यावर ती थंड होऊन आकसली, जळण्यातून तयार झालेल्या वाफेचंही काचेवर पाणी झालं, आणि बाहेरच्या हवेच्या दाबाने पाणी आत ढकललं.

तुमच्यासाठी थोडं गणित, कारण हुशार मूल विचारेलच. मेणाचा रेणू २५ कार्बनचा धरला, तर तो जळताना ऑक्सिजनचे ३८ रेणू खर्च होतात आणि कार्बन डायऑक्साइडचे २५ तयार होतात. म्हणजे गेलेल्या ऑक्सिजनची दोन तृतीयांश जागा कार्बन डायऑक्साइड लगेच भरून काढतो, आणि तो इतक्या कमी वेळात पाण्यात फारसा विरघळत नाही. शिवाय ज्योत विझते तेव्हा आत साधारण १५-१६ टक्के ऑक्सिजन शिल्लकच असतो. ऑक्सिजनच्या खर्चामुळे घटणारी जागा फार तर २ टक्क्यांच्या आसपास येते. मग एक पंचमांश पाणी कसलं?

इथे फोनने जे केलं ते दुसऱ्या कशाने झालं नसतं. प्रयोग काही सेकंदांत उरकतो आणि प्रत्येकाची आठवण वेगळी असते. चित्रण असलं की वाद आठवणीवर चालत नाही, पुराव्यावर चालतो. माझ्या मते मुलांच्या व्हिडिओंचा खरा फायदा हाच. अपलोड, लाइक, सब्स्क्राइब वगैरे सगळं नंतरचं.

आता ‘समज वाढते का’ या तुमच्या प्रश्नाकडे. कॅमेऱ्यासमोर दुसऱ्याला समजावून सांगण्याचा सांगणाऱ्यालाच फायदा होतो, याला चांगला आधार आहे. नेदरलँड्समधल्या विन्सेंट होगरहाइडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये आणि नंतर २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, कॅमेऱ्यासमोर एका काल्पनिक विद्यार्थ्याला विषय समजावणारे विद्यार्थी नुसती उजळणी करणाऱ्यांपेक्षा पुढे राहिले. गंमत म्हणजे तेच स्पष्टीकरण लिहून काढणाऱ्यांना तसा फायदा दिसला नाही. समोर कुणीतरी ऐकतं आहे ही जाणीव माणसाला नीट बोलायला लावत असावी. त्या प्रयोगांत विद्यार्थी स्वतःच्या शब्दांत बोलत होते, हे मात्र विसरू नका. पाठ केलेली व्याख्या म्हणून दाखवण्याला हा निष्कर्ष लावता येणार नाही.

बघणाऱ्याचं काय? इथे मी सावध असतो. डेरेक म्युलर यांनी सिडनी विद्यापीठात २००८ साली पूर्ण केलेल्या पीएचडीत हाच प्रश्न घेतला होता (हेच पुढे व्हेरिटासियम या यूट्यूब वाहिनीमुळे जगभर माहीत झाले). भौतिकशास्त्रातली संकल्पना स्वच्छ, सरळ समजावणारा व्हिडिओ पाहून विद्यार्थी म्हणाले, छान होता, सोपा होता. आपल्याला समजलं अशी त्यांची खात्रीही वाढली. प्रत्यक्ष चाचणीत फारशी सुधारणा नव्हती. दुसऱ्या व्हिडिओत दोन माणसं बोलत होती आणि त्यातला एक नेहमीच्या चुकीच्या समजुती मांडत होता. तो व्हिडिओ विद्यार्थ्यांना गोंधळात टाकणारा वाटला, पण शिकले ते त्यातूनच. स्वच्छ व्हिडिओ पाहताना प्रेक्षकाला ‘हे तर मला माहीतच आहे’ असं वाटतं आणि त्याच्या डोक्यातली चुकीची कल्पना जागची हलत नाही.

म्हणून मुलांच्या व्हिडिओत एक जण सांगणारा आणि एक जण अडवणारा असावा. अडवणारा मुद्दाम बावळट दाखवू नये. त्याचं म्हणणं पटण्यासारखं असलं पाहिजे. ऋतूंचा दावा घ्या. ‘जवळ गेलं की चुलीची धग जास्त लागते, मग उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळच असणार’ हे काही मूर्खाचं बोलणं नाही. त्याला उत्तर द्यायला तितकाच ठोस पुरावा लागतो: पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर. आणि सर्वांत लांब असते जुलैच्या सुरुवातीला, सुमारे १५.२ कोटी किलोमीटरवर. आपण स्वेटर घालतो तेव्हा सूर्य जवळ असतो. यावर आसाच्या २३.४ अंशांच्या कलाची गोष्ट सांगितली तर ती ऐकून घेतली जाते. त्याच्या जोडीला मुलांनी वर्षभर महिन्यातून एकदा, दुपारी सूर्य माथ्यावर असताना शाळेच्या ध्वजस्तंभाची सावली मोजून चित्रित केली, तर सोन्याहून पिवळं. पुण्या-मुंबईकडे मेच्या मध्यावर ती सावली काही क्षण जवळजवळ नाहीशी होते; सुट्टी असली तरी दोन मुलांना तेवढ्यासाठी बोलवावं.

पद्धतीबद्दल जे अनुभवाने ठाम झालं आहे ते सांगतो. प्रयोग करण्याआधी प्रत्येकाचा अंदाज कॅमेऱ्यावर घ्या आणि तो नंतर काढून टाकायचा नाही असा नियम करा. मुलांना चुकलेला अंदाज लपवायचा असतो. पण व्हिडिओचा तोच सर्वांत मौल्यवान भाग, कारण बघणाऱ्याच्या मनातही बहुधा तोच अंदाज असतो. प्रयोगाचं चित्रण सलग हवं, मध्ये काटछाट नको. कट दिसला की खवचट पोरगा म्हणणारच, ‘मध्ये काहीतरी बदललं असेल.’ त्याचं बरोबर आहे. बोलण्याचे भाग हवे तितके कापा.

लांबी तीन ते पाच मिनिटं पुरे. २०१४ मध्ये एडेक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरच्या अभ्यासक्रमांतले व्हिडिओ पाहिल्याच्या सुमारे ६९ लाख नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा व्हिडिओ कितीही मोठा असला तरी बघणारा साधारणपणे सहा मिनिटांच्या पुढे टिकत नाही असं दिसलं. तीही स्वतःहून नाव नोंदवलेली मोठी माणसं.

प्रेक्षक ठरवून द्या. ‘सर्वांसाठी’ म्हणजे कुणासाठीच नाही. माझा आवडता प्रेक्षक म्हणजे त्याच शाळेतली पाचवी-सहावी. व्हिडिओ त्यांना वर्गात दाखवायचा, प्रयोगाच्या आधी थांबवायचा, हात वर करून अंदाज घ्यायचे आणि मग पुढे चालवायचा. तो चालवणारे व्हिडिओ करणारीच मुलं असावीत. पाचवीतलं एखादं मूल असा प्रश्न विचारतं की नववीच्या मुलांची बोलती बंद होते. त्यानंतर त्यांना व्हिडिओ दुरुस्त करायला वेळ द्या. पहिल्या आणि दुसऱ्या आवृत्तीतला फरक पाहिलात की विज्ञान किती मुरलं ते परीक्षेशिवाय कळेल.

पेल्याचा दावा लहान वाटतो, पण सुरुवातीला तोच घ्या. एक गट पाण्यात शाई किंवा हळद घालतो आणि बाहेरचे थेंब स्वच्छ आहेत हे दाखवतो. दुसरा गट स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर बर्फ-पाण्याचा झाकलेला पेला ठेवतो. पाणी झिरपून पेल्याच्या अंगावरच राहिलं तर एकूण वजन बदलायला नको, पण ते हळूहळू वाढतं. म्हणजे पाणी बाहेरून, हवेतून आलं. मग कोकणातल्या एखाद्या शाळेशी ओळख असेल आणि तुम्ही विदर्भात असाल, तर मे महिन्यात दोन्हीकडे तोच प्रयोग करून व्हिडिओंची अदलाबदल करा. रत्नागिरीचा पेला निथळतो, चंद्रपूरचा जेमतेम ओलावतो. आर्द्रता हा शब्द मुलांना त्यानंतर समजावून सांगावा लागत नाही.

सगळंच असं चित्रित करता येत नाही. पेशीविभाजन, अणू यांचा नुसत्या फोनने पुरावा मिळत नाही. तिथे ऑस्ट्रेलियातल्या वुलंगॉन्ग विद्यापीठाच्या गॅरी होबन यांनी शिक्षक होण्याचं प्रशिक्षण घेणाऱ्यांकडून करून घेतलेली संथ अ‍ॅनिमेशनची पद्धत कामाची आहे. चिकणमाती, लोकर, कागदाचे तुकडे थोडे थोडे सरकवून फोटो काढायचे आणि सेकंदाला दोन या गतीने जोडायचे. पुस्तकात पेशीविभाजनाची चार चित्रं असतात. मुलांना मात्र दोन चित्रांच्या मधलं काय ते ठरवावं लागतं: गुणसूत्रं मध्यावर कशी आली, कुणी ओढली, पेशीचं पटल कधी आवळलं. प्रत्येक फोटोला असा निर्णय असतो, आणि चुकीचा निर्णय लगेच दिसतो.

भाषेचं पाहा. तुमच्याकडे सेमी इंग्रजी असेल तर मुलं विज्ञान इंग्रजीत पाठ करतात आणि वाक्य कळलं नाही तरी घडाघडा म्हणतात. व्हिडिओ घरच्या बोलीत करायला सांगा, मग ती अहिराणी असो, मालवणी असो की वऱ्हाडी. पारिभाषिक संज्ञा पाठ्यपुस्तकातलीच वापरायची, पण ती आल्यावर पुढच्या वाक्यात आपल्या शब्दांत उलगडायची. संहिता पूर्ण लिहून देऊ नये. मुद्द्यांची चिठ्ठी पुरे. हल्ली मुलं चॅटबॉटकडून सुंदर संहिता लिहून आणतात, आणि ती कुणाच्याही तोंडी चालते. मोजमापं स्वतःची, अंदाज स्वतःचा आणि घरातल्या कुणाचा तरी आक्षेप, एवढं अनिवार्य केलं की उसनी संहिता आपोआप अपुरी पडते.

तांत्रिक बाबतीत फक्त आवाजाकडे लक्ष द्या. चित्र धूसर असलं तरी लोक पाहतात, आवाज कळला नाही की सोडून देतात. पंखा बंद, खिडकी बंद, आणि दुसरा फोन मिळाला तर तो बोलणाऱ्याच्या जवळ ठेवून आवाज वेगळा घ्या. पत्र्याच्या वर्गात पावसाळ्यात चित्रण करू नका. ट्रायपॉड विकत घ्यायची गरज नाही.

गटात फोन कोणाचा, तोच दिग्दर्शक, असं होतं. बहुतेक वेळा तो मुलगा असतो आणि मुली तक्ते रंगवत बसतात. म्हणून फोन शाळेचा किंवा तुमचा असू द्या आणि दर तासिकेला कामं फिरवा. काही घरांत मुलीचा चेहरा व्हिडिओत आलेला चालत नाही. वाद घालू नका. फक्त हात आणि आवाज घ्या. खरं तर विज्ञानाच्या व्हिडिओत हातच जास्त उपयोगी असतात. बाहेर कुठे टाकायचा असेल तर पालकांची लेखी संमती आधी घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालचं प्रत्येक मूल ‘बालक’ आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी मुलाचा फजितीचा क्षण गावभर फिरू नये एवढं तरी पाहायला हवं. शक्यतो व्हॉट्सअ‍ॅपवर सोडूच नका. तिथे तुकडे पडून फिरतात; चुकीचा दावा असलेली पहिली तीस सेकंदं वेगळी होऊन कुणाच्या तरी स्टेटसला लागली, तर तुमच्याच मुलांच्या आवाजात गैरसमज पसरेल.

आग, आम्ल, घरचा वीजपुरवठा आणि जिवंत साप हे विषय वर्ज्य. ‘घरी करू नका’ ही पाटी काही कामाची नाही; पाचवीचं पोर घरी जाऊन तेच करतं. अपवाद फक्त मेणबत्तीच्या प्रयोगाचा, पण तोही शाळेतच, तुम्ही समोर असताना.

गुण देताना एडिटिंग, संगीत, सफाईदार निवेदन यांना शून्य महत्त्व द्या आणि ते आधीच जाहीर करा. दावा स्पष्ट आहे का, अंदाज आधी नोंदवला का, पुरावा दाव्याला खरंच लागू पडतो का, आणि ‘काय दिसलं असतं तर आम्ही चूक ठरलो असतो’ हे सांगितलं का, एवढंच पाहा. शेवटचा निकष मुलांना जड जातो, पण विज्ञान साक्षरता म्हणून जे काही आहे ते बरंचसं त्यातच आहे. आठवीला हे आकारिक मूल्यमापनात सहज बसतं.

फरक मोजायचा तर नेहमीच्या परीक्षेवर विसंबू नका, ती व्याख्याच विचारते. ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिड ट्रीगस्ट यांनी १९८८ मध्ये रूढ केलेले दुपदरी प्रश्न वापरा: आधी ‘काय होईल’ याचे पर्याय, मग ‘का’ याचे पर्याय, आणि ‘का’च्या पर्यायांत मुलांच्याच तोंडून ऐकलेल्या चुकीच्या समजुती. काम सुरू होण्याआधी, संपल्यावर आणि दीड-दोन महिन्यांनी तेच प्रश्न द्या. व्हिडिओ करणाऱ्यांना आणि नुसता पाहणाऱ्यांनाही. पाहणाऱ्यांमध्ये फरक कमीच दिसेल. त्याने खचू नका, त्यांना पुढच्या फेरीत करणाऱ्यांत घ्या.

वेळ लागतो. एका व्हिडिओला साधारण पाच तासिका धरा, त्यातली चित्रणाला एकच. प्रत्येक धड्यावर व्हिडिओ हा हट्ट सोडा. सत्राला एक झाला तरी भरपूर.

पहिल्या सत्रात दावे तुम्ही द्या. दुसऱ्या सत्रात मुलांनाच घरून, गल्लीतून, फोनवर आलेल्या निरोपांतून दावे आणू द्या. ग्रहणात शिजवलेलं अन्न खराब होतं, हा हमखास येतो. तो टाळू नका, पण आजीला खोटं पाडायचा कार्यक्रमही होऊ देऊ नका. उलट आजीचाच अंदाज तिच्या आवाजात रेकॉर्ड करून आणायला सांगा: किती वेळात, कसा वास येईल, तुळशीचं पान घातलं तर काय होईल. मग ग्रहणाच्या दिवशी भाताच्या दोन वाट्या, एकीत तुळस, एक तशीच. एवढ्यावर मुलं थांबतात. थोडं टोकलंत तर त्यांच्या लक्षात येतं की ग्रहण नसलेल्या दुसऱ्या एखाद्या दिवशीही तेवढाच वेळ, तेवढ्याच गरमीत आणखी दोन वाट्या ठेवाव्या लागतील, नाहीतर या वाट्यांवरून काहीच म्हणता येणार नाही. त्या दुसऱ्या दिवसाची तारीख फळ्यावर लिहून ठेवा, नाहीतर पोरं विसरतात.